गाडी ऑइल पितेय. इंजिन उतरवायचं का?

चिपळूणच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "आमची २०१२ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, १,३८,००० किमी झाली. रोज शाळेत जायचे-यायचे आठ-दहा किलोमीटर आणि महिन्यातून तीनदा कुंभार्ली घाटाने कराड. गेल्या महिन्यात घाटातल्या एका वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला. गॅरेजला नेली तर गेजच्या पट्टीला ऑइल लागतच नव्हतं, दोन लिटर भरावं लागलं. त्याआधीची सर्व्हिसिंग आठ महिन्यांपूर्वीची, म्हणजे ६,५०० किमीपूर्वीची. गाडीखाली डाग नाही, सायलेन्सरमधून धूर नाही. मेकॅनिकने ऑइल भरायचं झाकण काढून इंजिन रेस केलं, निघणारी वाफ दाखवली आणि म्हणाला, इंजिन बॅक मारतंय, रिंग-पिस्टन करावं लागेल, ४८,००० रुपये. दीर म्हणतात, वीस-पन्नासचं जाड ऑइल भरा आणि कुणाला कळायच्या आत विकून टाका. काय करू?"

आधी त्या लाल दिव्याचं बघू, कारण बाकीचं सगळं महिनाभर थांबू शकतं, हे नाही. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तुमच्यासारख्या गाड्यांत पातळी मोजणारा सेन्सर सहसा नसतोच. त्यामुळे ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं तरी दिवा गप्पच राहतो. चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) इतकं कमी उरलं की वळणावर ते एका बाजूला सरकलं आणि पंपाची जाळी उघडी पडली, तेव्हा कुठे तो लागला. म्हणजे त्या क्षणी क्रँकच्या बेअरिंगना पुरेसं ऑइल मिळत नव्हतं. क्षणभराने बहुधा काही झालं नसेल, पण खात्री करून घ्या. प्रेशर स्विच काढून त्या जागी साधं गेज लावायचं आणि इंजिन पूर्ण गरम असताना दाब बघायचा, अर्ध्या तासाचं काम आहे. ढोबळ हिशेब दर १,००० आरपीएमला १० पीएसआय. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. दाब ठीक असेल आणि खालून ठकठक येत नसेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. दाबच कमी निघाला तर प्रश्न रिंगांचा (पिस्टनभोवतीच्या कड्यांचा) न राहता बेअरिंगचा आणि पंपाचा होतो, आणि तो आधी सोडवावा लागेल.

दिवा पुन्हा लागलाच तर 'गॅरेजपर्यंत तरी नेऊ' असं करू नका. सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी बघा. त्यासाठी डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा कायम असू द्या.

आता तुमच्या पत्रातल्या आकड्यांकडे वळू. ६,५०० किमीत दोन लिटर, म्हणजे १,००० किमीला साधारण ३०० मिली. ऐकायला वाईट वाटतं, पण बऱ्याच कंपन्यांच्या मालक-पुस्तिकेत १,००० किमीला अर्धा लिटर, काहींच्या तर एक लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा म्हटलेला असतो. कंपन्यांच्या या मर्यादा सढळ असतात हे खरं. चांगलं इंजिन त्याच्या कितीतरी कमी पितं. तरी १,३८,००० किमी चाललेलं इंजिन ३०० मिली पीत असेल तर ते म्हातारं झालंय, मेलेलं नाही. तुमच्या वापराने वर्षाला हे तीन लिटर होतं. लिटरला ४५० रुपये धरले तर १,३५० रुपये. ४८,००० रुपयांत पस्तीस वर्षांचं ऑइल येतं. म्हणून 'इंजिन करायचं का' हा प्रश्न आत्ता घाईचा नाही. गाडी अडचणीत आली ती ऑइल जळाल्यामुळे नाही, आठ महिने पट्टी कुणी न बघितल्यामुळे.

पण हा ३००चा आकडा कच्चा आहे. मागच्या सर्व्हिसिंगला पातळी वरच्या खुणेपर्यंत होती का? दोन लिटर मोजून टाकलं की अंदाजाने? तुम्हाला ठाऊक नाही, मेकॅनिकलाही नसणार. म्हणून पहिलं काम मोजणं, आणि ते तुम्ही घरीच करू शकता.

सपाट जागा ठरवा, दर वेळी तीच. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन्ही बाजू बघा आणि कमी दाखवणारी बाजू खरी माना. ऑइल बरोबर वरच्या खुणेपर्यंत आणा. खुणेच्या वर मात्र नको. 'थोडं जास्त असू दे' म्हणून गॅरेजवाले अर्धा लिटर जादा भरतात, ते क्रँकने घुसळलं जातं, त्याचा फेस आणि तुषार ब्रीदरच्या नळीवाटे इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, ओढले जातात आणि जळतात. नको तेवढं भरलेलं ऑइल लवकर संपतं, आणि मालकाला वाटतं गाडी ऑइल खातेय. मग किलोमीटर लिहून ठेवा, दर रविवारी पट्टी बघा, आणि १,००० किमी झाल्यावर वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मापाच्या भांड्याने मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमध्ये पाऊण ते एक लिटरचं अंतर असतं, त्यामुळे नुसत्या पट्टीवरूनही अंदाज येतो.

यात एक फसवी गोष्ट आहे आणि तुमच्या वापराला ती नेमकी लागू पडते. रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापत नाही. थोडं न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी टिकल्यासारखी दिसते. मग कराडची फेरी झाली, इंजिन दोन तास गरम राहिलं, की ते पेट्रोल उडून जातं आणि पातळी एकदम खाली दिसते. 'गावात काही होत नाही, घाटात एकदम पितं' असं वाटायला लागतं. म्हणून आठवड्याचा आकडा धरू नका, हजार किलोमीटरचा धरा.

मोजणी चालू असतानाच ऑइल जातंय कुठे ते शोधा. वाटा दोनच, बाहेर गळणं किंवा आत जळणं. 'खाली डाग नाही' यावरून गळती नाही असं ठरत नाही. बऱ्याच गळत्या इंजिन चालू असताना, दाबाखालीच होतात. थेंब वाऱ्याने मागे उडून चेंबरवर, गिअरबॉक्सवर पसरतात आणि त्यावर धूळ-चिखल बसतो. कोकणच्या पावसात तर तोही धुऊन जातो. इंजिन डीग्रीझरने स्वच्छ करून घ्या (अल्टरनेटर आणि कॉइल झाकून), १०० किमी चालवा आणि बॅटरी मारून बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, प्रेशर स्विच, ड्रेन बोल्टचा वॉशर, पुलीमागचं क्रँक सील हे सगळं बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून खाली ओल असेल तर मागचं क्रँक सील. चढाला क्लच घसरत असेल तर ही शंका बळावते. स्पार्क प्लग काढताना प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर तिथलं सील गेलंय. ते स्वस्तात होतं.

आता मेकॅनिकने दाखवलेली वाफ. तो तुम्हाला फसवतोय असं मला म्हणायचं नाही. पण झाकण काढून रेस केल्यावर वाफ कोणत्याही इंजिनातून निघते, नव्यातूनही. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली येतोच आणि तो परत इनटेकमध्ये नेण्यासाठीच पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. झाकण काढलं की ती वाट तुम्ही मोडता. त्याऐवजी आयडलिंगला झाकण उलटं करून नुसतं ठेवा. किंचित आत ओढलं जात असेल किंवा थरथरत जागेवर राहत असेल तर ठीक. उडून पडत असेल, धाप लागल्यासारखे जोरात फुत्कार येत असतील, तर ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली येणारा गॅस, जास्त आहे. पण तेव्हाही रिंगांवर खापर फोडण्याआधी पीसीव्ही बघायचा. तो काढून हलवला तर आत खुळखुळ वाजायला हवी. इंजिन चालू ठेवून त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवायला हवी. बंद पडला असेल तर आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. उघडाच अडकला असेल तर इनटेक ऑइल ओढत राहतो. काही इंजिनांत तो टॅपेट कव्हरमध्येच पडद्याच्या रूपात असतो आणि पडदा फाटतो. सुटा मिळत असेल तर काहीशे रुपयांचा भाग आहे. १,३८,००० किमीत तो एकदाही बदललेला नसेल, तर तपासत बसू नका, नवाच टाका आणि पुन्हा १,००० किमी मोजा. हजारोंच्या कामाआधी ही पायरी गाळणं मला पटत नाही.

धुराबद्दलही तसंच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम असला की थोडं जळलेलं ऑइल तो पचवतो, म्हणून निळा धूर दिसला नाही तरी ऑइल जळत असू शकतं. पण धूर दिसला तर कधी दिसतो याला फार महत्त्व आहे, आणि तुमच्याकडे कुंभार्ली घाट आहे. मागे दुसऱ्या गाडीत कुणाला तरी बसवा. घाट उतरताना, वाहतूक आणि रस्ता बघून, तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून इंजिनच्या ब्रेकवर गाडी येऊ द्या. पोफळीला सपाटी लागल्यावर नीट जोर द्या. त्या वेळी निळसर धुराचा लोट निघून थांबला, तर व्हॉल्व्ह सीलवर शंका घ्या. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये ओढ सर्वात जास्त असते आणि कडक झालेल्या सीलमधून ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना पहिले काही सेकंद धूर, हीही तीच खूण. उलट घाट चढताना, जोर असेपर्यंत सतत धूर निघत राहिला तर रिंगा. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट जळतोय; तेव्हा हेडचं पॅकिंग बघायचं.

मग चारही प्लग काढून ओळीने मांडा. एकच काळा-ओला किंवा राखेचे थर चढलेला असेल तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे. चारही सारखे असतील तर सगळ्यांना समान कारण शोधा: पीसीव्ही, सगळी सील, किंवा सगळ्या रिंगा. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत घातला तर सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का, होनिंगच्या (भिंत घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेघा शिल्लक आहेत का, हे दिसतं. पिस्टनचा माथा काळा पण कड धुतल्यासारखी स्वच्छ असेल, तर ऑइल तिथून वर येतंय.

आता कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेजने मोजणं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली. निरोगी छोट्या पेट्रोल इंजिनांत आकडे सहसा १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतात, आणि चारही एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग.

इथे एक गोष्ट बऱ्याच गॅरेजमध्येही सुटते. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात. तिसरी, ऑइल रिंग, भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून परत खाली पाठवते. कॉम्प्रेशनचं गेज वरच्या रिंगांची परीक्षा घेतं, तिसरीची नाही. छोट्या फेऱ्या, लांबलेली सर्व्हिसिंग, हलक्या दर्जाचं ऑइल यांमुळे त्या तिसऱ्या रिंगेच्या खाचेत चिकट थर बसतो, ऑइल परत जायची भोकं बुजतात आणि रिंग झिजलेली नसूनही अडकून बसते. मग कॉम्प्रेशन उत्तम आणि ऑइल मात्र गायब! अमेरिकेत टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाला हीच तक्रार इतकी आली की कंपनीने जादा वॉरंटी दिली आणि १,२०० मैलांत एका क्वार्टपेक्षा जास्त, म्हणजे १,००० किमीला साधारण अर्धा लिटर, ही दुरुस्तीची रेषा ठरवली. तुमचं रोजचं चार-पाच किलोमीटरचं चालवणं आणि वर्षाकाठी एक सर्व्हिसिंग बघता, या शंकेला मी बऱ्यापैकी वर ठेवेन.

अडकलेली रिंग कधी कधी न उघडता सुटते. साधा मार्ग म्हणजे मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं चांगलं सिंथेटिक ऑइल भरून पुढची तीन-चार ऑइल चेंज फिल्टरसकट दर ४,००० किमीला करणं. फरक हळूहळू दिसतो. दुसरा मार्ग जास्त जोखमीचा: चारही पिस्टन मध्यावर आणून प्लगच्या भोकातून प्रत्येकी ३०-४० मिली कार्बन क्लीनर सोडायचा, रात्रभर मुरू द्यायचा, मग प्लग बाहेर असतानाच भोकांवर कापड धरून सेल्फ मारून उरलेला सगळा उडवायचा, आणि ऑइल-फिल्टर लगेच बदलायचं, कारण क्लीनर खाली उतरलेला असतो. प्लग लावून तसंच सुरू केलं तर द्रव दाबला न गेल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. द्रव ज्वलनशील असतो, म्हणून कॉइल आणि फ्युएल फ्यूज काढल्याशिवाय सेल्फला हात लावायचा नाही. हे आधी केलेल्या माणसाकडूनच करून घ्या. जिथे बोअरच झिजलाय किंवा ओरखडलाय, तिथे याने काही होणार नाही.

व्हॉल्व्ह सील दोषी ठरली तर बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात, स्प्रिंग दाबून जुनं सील काढतात. तेव्हाच व्हॉल्व्हचा दांडा हलवून बघायला सांगा. गाइड सैल झालं असेल तर नवी सील फार टिकणार नाहीत. गाडी सीएनजीवर चालवणाऱ्या वाचकांनी तर सीलसोबत व्हॉल्व्ह सीटही बघून घ्यावी. त्या इंधनात ती लवकर झिजून खचते.

तुमच्या दिरांच्या सल्ल्याबद्दल. मॅन्युअलच्या तक्त्यात परवानगी असेल तर ५डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-४० वर जाणं, म्हणजे एक पायरी जाड, हा रास्त उपाय आहे. चिपळूणच्या थंडीत त्याने काही अडत नाही आणि खप कमी होऊ शकतो. २०डब्ल्यू-५० मात्र नको. आजच्या इंजिनांच्या बारीक वाटांतून आणि व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) व्हॉल्व्हमधून ते हवं तसं फिरत नाही, थंड इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. 'ऑइल खाणं बंद' म्हणून मिळणाऱ्या मधासारख्या घट्ट बाटल्याही त्यातल्याच. आणि लपवून विकण्याचं म्हणाल तर, घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर तोही पट्टी बघणार नाही, आणि तुमच्या बाबतीत जे क्षणभर झालं ते त्याच्या बाबतीत घाटात पूर्ण होईल. विकायचीच असेल तर खप सांगून, वीस-पंचवीस हजार कमी घेऊन विका.

ठेवायची असेल तर माझ्या हिशेबाने रेषा अशी: १,००० किमीला ३००-४०० मिलीपर्यंत असेल तर पीसीव्ही, गळत्या, वेळेवर ऑइल आणि दर आठवड्याला पट्टी, एवढ्यावर चालवा. अर्धा लिटर ओलांडून वाढत चाललं, प्लग वारंवार मरू लागले, किंवा पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा चढून अडू लागला, की मोठ्या दुरुस्तीचा विचार. जळणारं ऑइल कन्व्हर्टरही हळूहळू खराब करतं, तो खर्चही धरा. शिवाय २०२७मध्ये तुमच्या गाडीच्या नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होतील. नूतनीकरणाला फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर आला. त्यानंतरही ठेवणार असाल तरच ४८,००० घालण्यात अर्थ.

डिझेल आणि टर्बोवाल्यांसाठी दोन शब्द: इंटरकूलरच्या पाइपमध्ये हलका ओलावा चालतो, ऑइल साचलेलं मात्र नाही. टर्बोच्या दांड्याला वरखाली ढिलेपणा असेल तर पुढे चालवू नका, कारण तिथून इनटेकमध्ये गळणारं ऑइल इंधन म्हणून जळून इंजिन किल्ली बंद करूनही थांबेनासं होऊ शकतं. बीएस-६ डिझेलमध्ये तर डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) सफाईत डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वाढते. वरच्या खुणेच्या वर गेलेली पट्टीही बिघाडच सांगते.

आणि इंजिन उघडायचंच ठरलं, तर 'फक्त रिंगा टाकून देतो' याला हो म्हणू नका. ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजायला सांगा. आकडे कागदावर घ्या. निमुळतेपणा किंवा लंबगोलपणा कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल (छोट्या इंजिनांत ती बहुधा ०.१० मिमीच्या आसपास असते), तर नव्या रिंगा त्या बोअरमध्ये बसणारच नाहीत, बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतील, आणि तुमच्या इंजिनाला ते मिळतात का हे आधी विचारा. मर्यादेत असेल तर होनिंग करून रिंगांची फट फीलर गेजने मोजून घालावी. बेअरिंग, ऑइल पंप, व्हॉल्व्ह सील त्या ४८,०००मध्ये आहेत की वेगळे, तेही लिहून घ्या. काम झाल्यावर पहिले १,००० किमी एकाच वेगात रेटू नका, कमी-जास्त जोर देत चालवा, आणि मग ऑइल व फिल्टर बदला. या काळात थोडं ऑइल जाईल. रिंगा बसेपर्यंत ते चालतं; खरी मोजणी ३,००० किमीनंतर करा.